डोक्याकडून झाली

माझ्या जावयाला सिनेमाचं वेड आहे. नांदेडला त्याचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. नवरा-नवरीला बागेत गोल गोल फिरवून झालं, की उरलेल्या वेळात तो मोबाईलवर टाकायला छोटे सिनेमे काढतो. त्यांत बहुतेक वेळा त्याचा एखादा मित्र अंगावर बीटाचा रस ओतून घेऊन मरतो. मुलगा गुणी आहे, माझ्या लेकीला जपतो, माझी काही तक्रार नाही. फक्त त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे लातूरला आली होती. मी आणि माझा नवरा इथं औषधांचं दुकान चालवतो. एका सकाळी दुकान नवऱ्यावर सोडून मी लेकीबरोबर तपासणीला गेले. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी बघितली आणि सहज म्हणाल्या, "बाळ अजून पायाळूच आहे. फिरलं तर फिरेल, नाहीतर सिझेरियन करू. घाबरायचं काही नाही."

लेक घाबरली नाही. तिनं मान हलवून गोळ्या कधी घ्यायच्या ते विचारलं. मला मात्र टेबलाची कड धरावी लागली. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "अहो, होणाऱ्या आजीचंच बीपी बघावं लागतंय आता." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रिक्षात बसल्याबरोबर लेकीला बजावलं, "हे कुणाला सांगायचं नाही. आणि तुझ्या आजीला तर मुळीच नाही."

आजी म्हणजे माझी आई. ती उमरीजवळच्या आमच्या गावी माझ्या भावाकडे राहते. बाळंतपणाला ती येणारच होती. तिला कळलं तर ती देवीपुढे दिवा लावेल, आनंदानं गावभर सांगेल आणि पुन्हा सगळं सुरू होईल, अशी मला भीती होती. कारण मी स्वतः पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी आले. आमच्या भागात अशा माणसाच्या पायात गुण असतो असं मानतात.

लेकीनं आजीला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं. रविवारी जावई नांदेडहून आला तो चप्पल काढायच्या आधीच विचारायला लागला, "मामी, तुम्ही पण पायाळू आहात म्हणे? मग तुम्हाला काय काय येतं?"

चहा होईपर्यंत मी त्याला सांगितलं. सांगताना मलाही मजा आली, ते खोटं कशाला बोलू. कुणाच्या पाठीत उसण भरली, माणूस कमरेत वाकला आणि सरळच होईना, की तो पायाळूकडे येतो. पायाळूनं त्याच्या कमरेला लाथ मारायची. मला चालता यायला लागलं तेव्हापासून लोक आमच्या दारात येऊन पाठ करून उभे राहत. पाय पोचत नसे तेव्हा वडील मला काखेत धरून वर उचलत. पुढं मी मोठी झाले आणि स्वतःच मारायला लागले. आमच्या घरचा नियम होता, आधी लाथ, मग लगेच नमस्कार. गावातली सगळी वडीलधारी माणसं मी अशी आधी तुडवली आणि मग त्यांच्या पाया पडले. आमचे हेडमास्तर वर्गात अंधश्रद्धेवर तळमळीनं बोलत. ते एकदा मागच्या दारानं आले, भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "हं, मार. पण शाळेत बोलू नको." तसली लाथ मी पुन्हा कुणाला मारली नाही. नववीच्या गणिताचा सगळा राग तिच्यात होता.

"आणि बरं व्हायचं त्यांना?" जावयानं विचारलं.

"सरळ होऊन जायचे. का, ते मला आजही माहीत नाही. आता असे लोक दुकानात येतात, मी त्यांना मलम देते. त्यानंही बरं वाटतं."

मग विहिरीचं सांगितलं. उन्हाळ्यात लोक मला अनवाणी शेतात फिरवत. पाय जिथं गार पडेल तिथं पाणी, अशी समजूत. माझा पाय बाभळीच्या सावलीत गार पडे, तिथं मी थांबे. एकाला तिथं पाणी लागलं, तो मला जत्रेतून बांगड्या घेऊन आला. दुसऱ्याला दगड लागला, तर तो म्हणाला पोरगी चप्पल घालून आली असेल. शिवाय पायाळूवर वीज पडते म्हणतात. ढग गडगडले की शेजारीण मला आपल्या पत्र्याखाली उभी राहू देत नसे, आणि शाळेतून येताना मैत्रिणी माझ्यापासून लांब लांब चालत. मी आईला विचारलं होतं, की वीज मला शोधत का येईल? आई म्हणाली, तुझ्यात देवीचं देणं आहे. तेव्हा लातूरच्या डॉक्टरबाई कुठं होत्या सांगायला, की बाळ पोटात फिरत नाही याला देवी काय करणार.

जावई कप खाली ठेवून उभाच राहिला. "मामी, ही तर सुपरहिरोची ओरिजिन स्टोरी आहे!"

म्हणजे काय ते त्यानं मला समजावलं. सुपरहिरोच्या पहिल्या सिनेमात तो सुपरहिरो कसा झाला ते दाखवतात. साधं घर, साधं पोर, जन्मताना किंवा नंतर काहीतरी अघटित होतं आणि त्याच्यात शक्ती येते. त्या शक्तीचे काही नियम असतात. काहीतरी एक असतं ज्यापुढं ती चालत नाही. "तुमची वीज," तो म्हणाला. "सगळं आहे मामी तुमच्यात. फक्त ड्रेस नाही."

"ड्रेसपण होता," मी म्हणाले. त्याला वाटलं चेष्टा करते आहे. तो खूप हसला. मी उठून कप विसळायला गेले.

तो नांदेडला परत गेला आणि दोन-चार दिवसांनी त्यानं मोबाईलवर स्टेटस टाकलं. सोनोग्राफीचा काळा-पांढरा फोटो, मागं ढगांचा गडगडाट, विजेचा लखलखाट आणि वर लाल अक्षरांत, 'एक पायाळू शक्ती येत आहे.' लेकीनं मला ते कौतुकानं दाखवलं. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांकडं त्याचा नंबर आहे, कारण त्यांच्या घरची लग्नं त्यानंच शूट केली आहेत.

पहिला फोन आला तो गावाकडच्या एका आत्याचा. "बाळाचा पाय सव्वा महिन्यानं माझ्या कमरेला लावून दे गं बाई, लई बेजार झालेय." दुसरा एका ओळखीच्याचा, त्याला बोअर घ्यायचं होतं आणि तो मूल चालायला लागेपर्यंत थांबायला तयार होता. या दोन्ही फोनवर मी हसले. तिसरा फोन अनोळखी माणसाचा होता. आवाज अगदी गोड. त्यानं नाव सांगितलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "ताई, पहिलटकरीण हाय का? म्हणजे ज्येष्ठ बाळ नं? तारीख काय दिलीय डॉक्टरनं?"

मी फोन बंद केला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, मी त्याला चुकीची बाटली दिली. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि स्वतः काउंटरवर आला. तो तसा कमी बोलणारा माणूस आहे. तो म्हणाला, "जावयाला बोलावून घे. त्याला सगळं सांग."

जावई आला. या वेळी मी चहा ठेवला नाही. त्याला समोर बसवलं, लेकीलाही बसवलं आणि ड्रेसची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी तोवर फक्त नवऱ्याला सांगितली होती, तीही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी.

मी सहावीत होते. दिवाळीनंतरचे दिवस, भर दुपार. एक जीप दारात थांबली. उतरलेली माणसं चांगल्या घरची दिसत होती, पांढरे कपडे, बोलणं आदबीचं. परगावाहून आलो म्हणाले. त्यांच्या म्हाताऱ्याला उसण भरली होती, त्याला अंथरुणावरून उठताच येत नव्हतं, म्हणून त्याला आणता आलं नाही. पोरीला घेऊन चला. पायाळूनं नाही म्हणायचं नसतं आणि कुणाकडून काही घ्यायचं नसतं, हेही नियमच. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, माझा फार अभिमान होता. ते धोतर बदलून लगेच निघाले. मला जीपमध्ये बसायला मिळणार म्हणून मी तर उड्याच मारत होते. मागं पायाशी एक पोतं होतं, त्यावर पाय ठेवून मी वाटभर बसले.

जीप गावात गेलीच नाही. एका पडीक रानात थांबली. तिथं जुन्या घराच्या मातीचा उंचवटा होता आणि त्याच्या पोटाशी ताजा खड्डा. एक बाई हिरवं परकर-पोलकं घेऊन उभी होती. नवं कोरं, जरीच्या काठाचं. तसलं मी कधी अंगावर घातलं नव्हतं. तिनं मला झाडाआड नेऊन ते घातलं, हातात हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं. दादांनी विचारलं, म्हातारा कुठाय. ते म्हणाले, येतोय, बसा.

मग एकानं डबी काढली आणि माझ्या डोळ्यांत अंजन घातलं. पायाळूच्या डोळ्यांत ते घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं म्हणे. मला दिसायला काय लागणार, डोळ्यांची आग आग व्हायला लागली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. "दिसतंय का बाळ काही?"

मी म्हणाले, "हंडा."

का म्हणाले? कारण मला कधी काही जमलं नाही असं झालंच नव्हतं. लाथ मारली की माणूस सरळ व्हायचा, थांबले की विहीर खणायची. इतकी माणसं आशेनं बघत होती आणि मी इतकी नटले होते. हंडा दिसायला हवा होता, म्हणून मी तो पाहिला.

माणसांचे चेहरे बदलले. बाई मागं सरकली. मला खड्ड्याच्या काठाशी उभं केलं. आणि म्होरक्या दादांना म्हणाला, "तुम्ही जरा गावात जाऊन नारळ घेऊन या. पोरगी राहू द्या इथंच."

दादांनी एकदा जीपकडं बघितलं. जीपमध्ये आमच्या पायाशी जे पोतं होतं, ते नारळांचं होतं. वाटभर त्यातले टणक गोळे माझ्या तळव्यांना टोचत होते, दादांनाही टोचले असणार. मग ते काठाशी आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मला इतकी जोरात चापट त्याआधी कुणी मारली नव्हती, त्यांनी तर कधीच नाही.

"खोटं बोलती ही," ते म्हणाले. "हंडा-बिंडा काई दिसना तिला. पायाळूच न्हाई ती. डोक्याकडून झाली."

मग म्होरक्या म्हणाला, "सगळा इलाका सांगतो पायाळू हाय म्हणून."

"म्याच सांगितलं सगळ्याईला. मान भेटतो म्हणून खोटं बोलून राहिलो इतकी वर्सं. पाया पडतो तुमच्या. भलतीच पोर उतरवसाल खड्ड्यात, तर तुमचंच उलटंल सगळं."

आणि माझे दादा, ज्यांच्या शब्दावर गावातली भांडणं मिटायची, त्या माणसांच्या खरंच पाया पडले. एकानं त्यांना लाथ घातली, तीही कमरेत. शिव्या तर मोजायच्याच नाहीत. पण धनासाठी बळी द्यायचं ते मूल पहिलटकरणीचं आणि पायाळूच हवं, भलतं खड्ड्यात उतरलं तर धन कायमचं जातं, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीनंच आम्हाला वाचवलं. जीप आम्हाला तिथंच सोडून निघून गेली.

दादांनी मला खांद्यावर घेतलं. मी मोठी होते, जड होते, तरी त्यांनी खाली उतरवलं नाही. वाटेत एका विहिरीवर त्यांनी माझे डोळे धुतले, पुन्हा पुन्हा, धोतराच्या सोग्यानं. हिरवे कपडे काढून काट्यांत फेकले, बांगड्या दगडावर फोडल्या आणि आपला सदरा मला घातला. घरी येईपर्यंत ते एकच म्हणत होते, "तू डोक्याकडून झाली. ध्यानात ठेव. डोक्याकडून."

माझं सांगून झालं. जावई रडत होता. मला त्याची दया आली, पण थोडं बरंही वाटलं. लेक माझ्या जवळ सरकून बसली होती. तो म्हणाला, "मामी, हा हॉरर आहे."

"मग मी काय सांगते? पहिला अर्धा तास तुझा सुपरहिरो, पुढं सगळा हॉरर. ते स्टेटस काढ."

"काढलंय. पण सगळ्यांनी बघितलंय." तो मान खाली घालून म्हणाला. "पण दादांनी सांगितल्यावर तरी संपलं असेल ना ते?"

तेच तर झालं नाही, आणि माझा आईवरचा राग तिथूनच सुरू होतो. दादांनी गावात येऊन सगळ्यांना सांगितलं, की पोरगी पायाळू नाही. लोक हसले. बाळंतपणातलं बाप्याला काय कळतंय? सुईण वारली होती, राहिली फक्त आई. माझे चुलते, आमच्या भावकीचे कारभारी, घरी आले आणि म्हणाले, वहिनीनं माहूरच्या रेणुकाईची आण घेऊन सांगावं, आम्ही गप्प बसतो. दादांनी आईकडं बघितलं. मी दाराआडून बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण आईचा रेणुकाईवर जीव, दरवर्षी ती गड चढायची. देवीची खोटी आण तिच्या तोंडून निघेना. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली, आणि तिचं ते न बोलणं म्हणजेच उत्तर झालं. चुलते समाधानानं उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पुन्हा एक वाकलेला माणूस उभा होता.

माझं लग्न होईपर्यंत मी लाथा मारल्या. दादा प्रत्येक वेळी शेजारी उभे असत. परगावच्या माणसाला दारातूनच परत पाठवत. जीपचा आवाज आला की मी माळ्यावर चढून बसे. गावाजवळची, मुदखेडची चांगली चांगली स्थळं दादांनी मोडली आणि मला लातूरला दिली, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक माणूस हातावर नारळ घेऊन बोअरची जागा शोधत फिरत होता. मी गॅलरीत वाळवण घालत उभी होते. माझ्या पायाला कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी मला जेवढं मोकळं वाटलं, तेवढं माहेरी कधी वाटलं नव्हतं.

आणि आता हे सगळं माझ्या नातवंडाच्या वाट्याला येऊ घातलं होतं. लाथांचं मी चालवून घेतलं असतं. तो गोड आवाजाचा फोन माझ्या डोक्यातून जात नव्हता.

बाळ काही फिरलं नाही. तारीख ठरली. आदल्या दिवशी आई भावाबरोबर आली, डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची धुतलेली दुपटी असं सगळं घेऊन. ती मोबाईल वापरत नाही, म्हणून मला वाटलं तिच्यापर्यंत काही पोचलेलं नसेल. जेवताना तिनंच विचारलं, "अजून पायाळूच हाय का?" भावाच्या पोरीनं तिला स्टेटस दाखवलं होतं. ती पुढं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. ती मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिली, आणि मी मनात म्हटलं, हिनं तेव्हाही असंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला आत नेलं. जावई भिंतीला टेकून उभा, त्याच्या हातात मोबाईल नव्हता, हे मी मुद्दाम बघितलं. आई बाकावर जप करत बसली होती. दार उघडून डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा हसरा होता. मुलगी. दोघी छान. मी हात जोडले आणि तशातही विचारलंच, "पाय आधी आले?"

"हो, पायच हातात आले आधी. काही बिघडत नाही त्यानं. पोटातून काढलेल्या बाळाला कसला पायाळू आणि कसलं काय."

त्यांचं खरं होतं. पण गावाला सिझेरियनचा खुलासा कोण पटवणार? नर्सनं बाळ आणून आईच्या मांडीवर दिलं, कारण बसलेली तीच होती. लालसर, सुरकुतलेलं, जांभया देणारं बाळ. तेवढ्यात भावाचा फोन वाजला. चुलते होते. आईला ऐकू कमी येतं म्हणून भावानं फोन मोठ्या आवाजावर केला आणि तिच्यासमोर धरला. मी तो हिसकावून घेणार होते, पण उशीर झाला.

"वहिनी, मोकळी झाली म्हनं पोरगी! पायाळूच झाली न्हवं? लई झ्याक झालं. आपल्या घरात दुसऱ्यांदा आली. सव्वा महिन्यानं घेऊन या गावाकडं, मानसं वाट बघून राहिली."

सगळे आईकडं बघत होतो, मी, भाऊ, जावई. माझ्या डोळ्यांपुढं ती पदर तोंडाशी धरलेली आई होती.

"कोन म्हनलं पायाळू?" आई म्हणाली. आवाज खणखणीत. "डोक्याकडून झाली."

"अवं पन जावयानंच मोबाईलवर..."

"जावई शूटिंगवाला हाय, त्याला काय कळतंय? म्या उभी व्हते तितं. म्या सोताच्या डोळ्यानं बघितलं, आधी डोस्कं आलं. रेणुकाईची आन."

मग चुलते म्हणाले, "मंग न्हाई तर न्हाई. देवीची आन घेतल्यावर काय बोलायचं." आणि त्यांनी फोन ठेवला. मला माहीत होतं, संध्याकाळपर्यंत हे गावभर होणार. आईनं आण घेतली म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारणार नाही, ना कमरेसाठी, ना बोअरसाठी, ना कशासाठी. जावयानं इतका मोठा श्वास सोडला की नर्सनं वळून बघितलं.

मी आईच्या पायाशी फरशीवर बसले. इतकी वर्षं मनात धरलेलं सगळं सुटल्यासारखं झालं आणि मला रडू आवरेना. "माय," मी म्हणाले, "देवीची खोटी आण घेतलीस?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "तवाच घ्यायला पायजे व्हती," ती म्हणाली, आणि दुपट्याबाहेर आलेले बाळाचे दोन्ही पाय तिनं आत घेऊन नीट गुंडाळले.